तेरावा हात

१

तिबेरिओ स्काला चित्र कधी अख्खं पाहत नसे. त्याच्या कामाची रीतच तशी होती. चेसारे मास्तरांनी दोन वितींच्या फळीवर तैलरंगात कच्चं चित्र करायचं, गिऱ्हाइकाने ते पसंत करायचं, आणि मग तिबेरिओने ते दोन पुरुष उंचीच्या कापडावर वाढवून घ्यायचं, अशी नेपल्समधल्या त्या चित्रशाळेची तीस वर्षांची वहिवाट. कच्च्या चित्रावर तो ताणलेल्या दोऱ्यांची चौकट ठेवायचा. मोठ्या कापडावर खडूने तितक्याच चौकोनांची जाळी आखायचा. मग एका चौकोनापुरतं भोक पाडलेला कागद चित्रावर धरायचा आणि भोकातून दिसेल तेवढंच उतरवायचा. तिथे नाक आहे की ढग, हा विचार करायचा नाही. विचार केला की हात आपल्या मनातलं नाक काढतो आणि मास्तरांचं राहून जातं.

मास्तर ईस्टरनंतरच्या आठवड्यात गेले. मागे राहिलं ते हे शेवटचं कच्चं चित्र. ख्रिस्ताला चादरीत घालून सहा जण कबरीकडे नेत आहेत. सहाही जण पांढऱ्या झग्यात, डोक्यावरून गळ्यापर्यंत पांढरा बुरखा, डोळ्यांपुरती दोन भोकं. कारण चित्र सांगितलं होतं शुभ्र बांधवांच्या मंडळाने, आणि वस्तीतले मेलेले खांदा देऊन नेणं हेच मंडळाचं काम. पुण्य कोणी केलं ते कळू नये म्हणून बुरखा. चेहरे झाकलेले, म्हणून मंडळाचा सगळा अभिमान हातांत होता. मोठ्या चित्रात सहा वाहकांचे बारा हात खरे हवेत, ज्याचे त्याला ओळखू यावेत, अशी त्यांची अट होती. दुसरी अट फळीच्या मागे मंडळाच्या लाखेच्या मोहोरेखाली लिहिलेली होती: कच्च्या चित्रात आहे त्याहून काही जास्त नको, काही कमी नको.

मोबदल्यात तिबेरिओने स्वतःसाठी एकच गोष्ट मागून घेतली होती. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी चित्र वेदीवर लागलं, तर त्याच्या बायकोच्या अस्थी मंडळाच्या तळघरात ठेवायच्या. ओर्सोला तीन वर्षांपूर्वी तापाने गेली तेव्हा तो दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावात देवळाचं छत रंगवत होता. परत आला तो पाचव्या दिवशी. तिला कोणी उचललं, कोणत्या वाटेने नेलं, त्याला आजतागायत कळलं नव्हतं. ती गरिबांच्या दफनभूमीच्या उताराला होती, जिथे हिवाळ्यात पाणी साचायचं. मंडळाचं तळघर पिवळ्या दगडात खोदलेलं होतं. तिथे कोरडं होतं.

एका मंगळवारी त्याने हात उतरवायला घेतले. एकेक हात उतरला की तो कापडाच्या कडेला खडूची एक रेघ मारी. बारा रेघा झाल्या आणि एक चौकोन उरला, ख्रिस्ताच्या डोक्याखालचा. चादरीची सावली असेल म्हणून त्याने कागद तिथे सरकवला.

भोकात चार फटकारे होते. मातकट गुलाबी, खालून वर आलेले, एकाशेजारी एक.

त्याने ते उतरवले. मग त्याने कधी करत नसे ते केलं. कागद काढला, दोऱ्यांची चौकट काढली, फळी खिडकीपाशी नेली आणि अख्ख्या चित्रातले हात मोजले.

२

"तेरा," तो म्हणाला.

लुक्रेत्सिया उंबऱ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ती मास्तरांची धाकटी बहीण, साठीची, आणि आता चित्रशाळेची मालकीण.

"काय तेरा?"

"हात. माणसं सहा."

"मग कापडाची घडी असेल." तिने मानही वर केली नाही. "दादा शेवटी शेवटी चष्मा कपाळावर ठेवून रंगवायचा. मागे मरियेच्या मांडीवर कुत्रा काढलान. तो कुत्रा नव्हता, पदर होता."

"ताई, घडीला बोटं नसतात."

"दाखव."

त्याने फळी तिच्यासमोर धरली. तिने ओला हात झग्याला पुसला, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं.

"लांबून हात वाटतो," ती म्हणाली. "जवळून घडी."

ते खरं होतं. कच्च्या चित्राचं तसंच असतं. तिबेरिओने स्वतःची समजूत घातली. मास्तरांनी आधी सातवा वाहक योजला असेल, मग पुसला असेल, हात राहिला असेल. पुसण्याची खूण मात्र नव्हती. फळी त्याने उन्हात तिरकी धरून पाहिली. तिथे रंगाचा एकच थर होता, आणि तो सगळ्यात शेवटी दिलेला होता.

त्याला सलत होतं ते वेगळंच. त्या हाताला अंगठा नव्हता. लहान चित्रात चालून जातं, पण मोठ्या कापडावर तो हात वीतभराचा होणार होता आणि अंगठा कुठेतरी काढावाच लागणार होता. चादरीच्या खालून चार बोटं दिसतात. अंगठाही खाली असला तर तळहात पसरलेला आहे, तो भार घेतोय. अंगठा वर, कडेवरून आलेला असला, तर मूठ आवळलेली आहे, तो ओढतोय. आणि खाली उभा असलेला माणूस ओढतो तो खालीच.

"ताई, मास्तर काही बोलले होते का याबद्दल?"

"शेवटच्या दिवशी बोलला की. म्हणाला, सूप खारट झालंय." शेंगेतला दाणा टोपलीबाहेर उडाला, तो तिने उचलून घेतला. "तू रंगव रे. आहे तसं रंगवायचं, एवढंच आपल्या हातात."

३

पुढच्या सोमवारपासून बांधव हात द्यायला येऊ लागले. रोज दुपारी एक. मंडळाच्या कामाला जाताना बुरखा घालायचाच असा नियम, म्हणून हात रंगवून घ्यायलाही ते बुरखा घालूनच बोळातून येत. लुक्रेत्सिया दारात वाइनचा पेला घेऊन उभी राही आणि प्रत्येकाला नावाने हाक मारी.

"या, सबातिनो."

"मी सबातिनो नाही," बुरखा म्हणाला. "मी एक बांधव आहे."

"बुरखा घातला म्हणून अंगाचा पावाचा वास जातो की काय? बसा तिकडे."

सबातिनो भट्टीवाला होता. बाकावर बसून त्याने दोन्ही हात चादरीच्या तुकड्यावर ठेवले. तोंडावरचं कापड श्वासासरशी आत जात होतं, बाहेर येत होतं. गप्प बसणं त्याला जमत नसे.

"मास्तर, नखांतलं पीठ काढू नका हं चित्रात. नाही, काढाच. बायकोला ओळखू येऊ दे."

"हलू नका."

"बरं. तुमच्या बाईंना आणायचं ना आमच्याकडे? चांगलं झालं. खाली सगळे आपलेच आहेत." त्याने आवाज खाली आणला. "एक सांगू? कोणाला सांगू नका. आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या. मढं डोकं पुढे करून उतरवायचं, म्हणजे फळी पुढून झुकते आणि सगळा भार पुढच्या दोघांवर. दहा पायऱ्यांपर्यंत प्राण कंठाशी येतो. अकराव्या पायरीवर हलकं होतं."

"जिना तिथे रुंद होत असेल."

"नाही होत. मी वितीने मोजलाय."

तिबेरिओचा कुंचला थांबला. "मग?"

"मग काय! खाली बघायचं नाही, बाजूला बघायचं नाही, बोलायचं नाही. नियमच आहे. मला मंडळात घेतलं तेव्हा सासरे म्हणाले, हलकं झालं की मनात आभार मान आणि पुढची पायरी बघ. मी म्हटलं, कोणाचे आभार? तर म्हणाले, तू पाव भाज." सबातिनो हसला. मग त्याचं तोंडावरचं कापड क्षणभर स्थिर राहिलं. "पाद्री मेले तेव्हा केवढे जाडजूड होते. अकराव्या पायरीवर पिसासारखे झाले."

सहा दिवसांत सहा जण आले आणि गेले. शेवटचे आले मंडळाचे प्रमुख सिन्योर प्रॉस्पेरो, चाळीस वर्षं खांदा दिलेले, आता गुडघ्यांनी अधू. त्यांचे हात चित्रात पायांकडे आले होते. ते त्यांना आवडलं नव्हतं, पण मास्तरांनीच तसं काढलं होतं.

बारा हात पूर्ण झाले. तेराव्याच्या जागी खडूच्या चार रेघा होत्या. तिबेरिओने ठरवलं, तो मनानेच रंगवायचा.

४

सातव्या दिवशी, रविवारच्या प्रार्थनेनंतर, ऊन ऐन खिडकीत असताना सातवा बुरखा आत आला आणि बाकावर बसला.

तिबेरिओला आधी वाटलं, कोणाला तरी आपला हात पुन्हा रंगवून हवा आहे. सबातिनो असेल. पण वास पावाचा नव्हता. कसलाच नव्हता.

"कोण आपण?" त्याने विचारलं आणि लगेच त्याला ओशाळल्यासारखं झालं, कारण बुरख्याला असं विचारत नाहीत.

त्या माणसाने उजवा हात चादरीच्या तुकड्याखाली सरकवला. डावा बाहीतच राहिला. चादरीच्या कडेखाली चार बोटं आली, एकाशेजारी एक. फळीवर होती तशी.

तिबेरिओने कुंचला उचलला. समोर आहे ते रंगवायचं, ही तीस वर्षांची सवय अशा वेळी उपयोगी पडते. हात रुंद होता, कष्टाचा. फळी धरून बांधवांच्या बोटांना जिथे घट्टे पडतात तिथेच घट्टे होते, पण सबातिनोच्या बोटांवर होते त्याहून जुने, गुळगुळीत झालेले. नखांत पिवळी धूळ होती. त्याने धूळसुद्धा रंगवली. काम सोपं जात होतं. इतका न हलणारा माणूस त्याला तीस वर्षांत मिळाला नव्हता, असं त्याच्या मनात आलं, आणि मग त्याची नजर वर गेली.

तोंडावरचं कापड आत जात नव्हतं, बाहेर येत नव्हतं.

काही माणसं नाकाने हळू श्वास घेतात. म्हाताऱ्यांचा श्वास तर दिसतही नाही. तिबेरिओने हे सगळं स्वतःला नीट सांगितलं आणि परत हाताकडे पाहिलं. आता अंगठा उरला होता.

"अंगठा दिसू दे जरा," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

माणूस उठला. हात बाहीत गेला. तो दाराकडे वळला आणि बोळातल्या उन्हात निघून गेला. पाऊल सावकाश, ओझं उचलून चालायची सवय असलेलं.

तिबेरिओ कापडाकडे वळला. मग त्याने अंगठा मनाने काढला. खाली, तळहाताच्या बाजूला. भार घेणाऱ्याचा अंगठा.

"सातवा कोणी पाठवला?" लुक्रेत्सिया आतून बाहेर आली ती कुरकुरतच. "सहा ठरले होते ना? मी पेला भरला तर पठ्ठ्याने बघितलंही नाही. आणि बाक बघ काय केलंय." तिने बोट फिरवून बाकावरची धूळ दाखवली. पिवळी, बारीक. "कुठून खणून आला होता कोण जाणे."

ओल्या फडक्याने तिने बाक पुसला. फडकं दोनदा पिळावं लागलं.

५

मृतांच्या दिवसाला पंधरवडा राहिला होता तेव्हा सिन्योर प्रॉस्पेरो चित्र पसंत करायला आले. बरोबर सबातिनो आणि आणखी एक बांधव. आज बुरखे नव्हते. तिघेही आपापले हात शोधून हरखले.

"हा माझा!" सबातिनो म्हणाला. "पीठ काढलंत, मास्तर. देव तुमचं भलं करो."

सिन्योर प्रॉस्पेरो काठी टेकत डोक्याकडच्या बाजूला गेले. तिथे ते थांबले.

"हा कोणाचा?"

सबातिनो जवळ येऊन वाकला.

"तेरावा आहे हा. कोणाचा, तिबेरिओ?"

"कच्च्या चित्रात आहे, सिन्योर." त्याने फळी आणली. "जास्त नको, कमी नको, अशी अट होती. म्हणून काढला."

त्यांनी फळी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "ही घडी आहे," ते म्हणाले.

"लांबून हात दिसतो."

"मी म्हणतो घडी आहे." काठी जमिनीवर आपटली. "चाळीस वर्षं खांदा दिला मी, मला पायांकडे बसवलं, मी एक शब्द बोललो नाही. आणि प्रभूच्या डोक्याखाली हात कोणाचा, तर ज्याला नाव नाही त्याचा? उद्या वेदीसमोर बायका मोजायला बसतील. विचारतील, हा कोण? काय सांगू? आमच्यातला नसेल तर बाहेर."

"राहू द्या, सिन्योर," सबातिनो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "आमच्यातला नाही कसं म्हणता? तुम्हीसुद्धा उतरलाय की तो जिना."

"सबातिनो, तू पाव भाज."

सबातिनोने मान खाली घातली. जावयाला तोंड मिटायला लावणारं हे वाक्य सासऱ्याचं एकट्याचं नव्हतं, मंडळाचंच होतं.

सिन्योर प्रॉस्पेरो तिबेरिओकडे वळले. आवाज मऊ केला. "घडी कर तिथे. एका दुपारचं काम. तुझ्या बायकोची जागा मी बघून ठेवलीय. उत्तरेची भिंत, अगदी कोरडी. हात राहिला तर हे चित्र आमचं नव्हे. मग जागेचंही मला काही बोलता यायचं नाही."

लुक्रेत्सिया दारात उभी होती. ती काही बोलेल असं तिबेरिओला वाटलं. ती वळून आत गेली.

ते गेल्यावर त्याने पांढऱ्या रंगासाठी सफेदा घोटला, जवसाच्या तेलात कालवला. हाताकडे त्याने फार वेळ पाहिलं नाही. त्याला दफनभूमीचा उतार दिसत होता आणि त्यावरून वाहत येणारं पाणी. तीन रुंद फटकारे, एक वरून खाली, दोन आडवे. हात गेला. चादरीला एक घडी आली. घडी सुंदर झाली होती, ते त्याने प्रामाणिकपणे मान्य केलं.

६

मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ओर्सोलाला आणलं. अस्थी एवढ्याशा अक्रोडाच्या पेटीत मावल्या होत्या. दोघांनी सहज नेली असती. पण मंडळात सहाजणांनीच न्यायचं असतं, म्हणून पेटी लांब फळीवर ठेवली, वर पांढरी चादर घातली, चादर पुढच्या कडेवरून खाली सोडली. नातेवाईक म्हणून तिबेरिओला एक दिवसापुरता बुरखा मिळाला. तो पुढे डावीकडे, सबातिनो पुढे उजवीकडे. तीन वर्षांपूर्वी जे त्याच्या हातून झालं नव्हतं, ते आता होत होतं. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बुरख्याच्या आत त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

जिना उजेडात होता. वरच्या झरोक्यातून ऊन दहाव्या पायरीपर्यंत येत होतं. फळी इतकी हलकी होती की मागचे चौघे जवळजवळ रिकाम्या हाताने चालत होते. तिबेरिओ पायऱ्या मोजत होता. आठ. नऊ. दहा.

अकराव्या पायरीवर हलकं झालं नाही.

जड झालं. एकदम नव्हे. कोणी तरी आधी नुसता हात ठेवावा, आणि मग हळूहळू अंगाचं वजन टाकावं, तसं. फळी पुढून झुकली. सबातिनोच्या घशातून आवाज निघाला. मागच्या चौघांचे जोडे दगडावर घासले. सहा माणसं एवढ्याशा पेटीला मागे खेचून धरत होती आणि पेटी खाली जायला बघत होती.

बघायचं नाही, हा नियम तिबेरिओला ठाऊक होता. तो मंडळातला एकाच दिवसाचा होता. त्याने खाली पाहिलं.

फळीच्या पुढच्या कडेवर, त्याच्या आणि सबातिनोच्या मधोमध, चादरीला घडी पडली होती. एक वरून खाली, दोन आडव्या. ती त्याने कुठेही ओळखली असती. तीनच फटकाऱ्यांची घडी. घडीखाली हातभर लांबीचं काही तरी होतं आणि त्याच्यापलीकडे, बाराव्या पायरीवर, सावली होती. अंगठा वर होता की खाली, ते घडीमुळे दिसत नव्हतं. त्यानेच तर ती घातली होती.

"इथेच ठेवा," तो ओरडला. "खाली नको! इथेच ठेवा."

तळघराच्या जिन्यात त्याआधी कोणी कधी बोललं नव्हतं. फळी पायरीवर टेकली. टेकताच हलकी झाली. सबातिनोने पेटी एका हाताने भिंतीकडे सरकवली.

७

दुसऱ्या आठवड्यात गवंड्याने अकराव्या पायरीशेजारी भिंतीत कोनाडा खोदला. ओर्सोला तिथे आहे. जागा कोरडी आहे. मंडळ आता आठ माणसांनी मढं नेतं आणि वाहक जिन्याबद्दल काही बोलत नाहीत. सबातिनोने मंडळ सोडलं. सिन्योर प्रॉस्पेरो तिसऱ्या वर्षी वारले. त्यांना उतरवताना दहाव्या पायरीनंतर काय झालं, ते आठांपैकी कोणीही घरी सांगितलं नाही.

तिबेरिओने नव्या प्रमुखांकडे सफेदा खरवडायची परवानगी मागितली. वेदीवर चढलेल्या चित्राला हात लावायचा नाही, असं उत्तर आलं. त्याने वाद घातला नाही. जवसाच्या तेलातला सफेदा वर्षं जातील तसा पातळ होतो आणि खालचं झाकलेलं वर येतं, हे प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असतं. वीस वर्षं लागतात. कधी बारा.

दर वर्षी मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी प्रमुख त्याला विचारतात, "तिबेरिओकाका, न्यायचं का त्यांना खाली? उत्तरेच्या भिंतीतली जागा अजून तुमचीच आहे." त्यावर तो आधी वेदीपाशी जातो. अंगठा खाली आहे असं एकदा दिसलं की तो हो म्हणणार आहे.

यंदा तेरावं वर्ष. लुक्रेत्सिया नाही. त्याचे डोळे आता मास्तरांसारखे झाले आहेत. ऊन वेदीवर येईपर्यंत तो बाकावर बसून राहिला, मग उठून जवळ गेला.

घडीतून चार बोटं वर आली होती. मातकट, एकाशेजारी एक. नखांतली धूळसुद्धा दिसत होती. त्याने अंगठा जिथे काढला होता, तळहाताच्या बाजूला, तिथे सफेदा अजून कोरा होता. तिथला रंग जाड बसला असेल.

चादरीच्या वरच्या कडेला, जिथे त्याने काहीही काढलं नव्हतं, तिथे एक काळसर डाग होता. तिरका. अंगठ्याएवढा.

मेणबत्त्यांचा धूर असेल. तेरा वर्षं रोज मेणबत्त्या जळतात तिथे. बोट थुंकीने ओलं करून एकदा फिरवलं असतं तर कळलं असतं. धूर असता तर निघाला असता.

तिबेरिओने दोन्ही हात झग्याच्या आत घेतले.

"मग, काका?" मागून प्रमुखांनी विचारलं. "न्यायचं का?"

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "अजून नीट दिसत नाही."